मल्टिथ्रेडेड सी प्रोग्राममध्ये सिगवेट: आधी सिग्नल ब्लॉक, मग थ्रेड

कंट्रोल-सी मारलं की प्रोग्राम कधी नीट बंद होतो, कधी अर्धवट फाइल टाकून मरतो आणि कधी ढिम्म हलत नाही, मग शेवटी जबरदस्तीने मारणारं किल डॅश नऊ. नवी मुंबईतल्या महापे-रबाळ्याच्या पट्ट्यात मशीनचा डेटा गोळा करणाऱ्या ज्या सर्व्हिसेस सी मध्ये लिहिलेल्या आहेत, त्यांच्याबद्दल ही तक्रार कायम ऐकू येते. कोड उघडून बघितला तर बहुतेक वेळा सिगवेट (सिग्नल, म्हणजे कर्नलने प्रोसेसला दिलेली सूचना, येईपर्यंत थांबून ती हातात घेणारं फंक्शन) वापरलेलं असतं, म्हणजे रस्ता बरोबर धरलेला असतो, पण क्रम चुकलेला असतो. थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारी कामं) आधी सुरू केले, सिग्नल नंतर ब्लॉक केले, म्हणजे आले तरी अडवून ठेवायला सांगितले. एवढ्या एका गोष्टीने सगळं बिघडतं, आणि रोज बिघडत नाही म्हणून सापडतही नाही.

हा लेख लिनक्स धरून लिहिलाय, दुसरीकडे जिथे फरक पडतो तिथे सांगितलंय. फंक्शनची नावं आपण बोलतो तशी लिहिलीयेत, टाइप करताना मॅन पेज शेजारी उघडं ठेवा. उदाहरणाला एक लॉगर घेऊ: चार वर्कर थ्रेड मशीनकडून टीसीपीवर रीडिंग घेतात, एक रायटर थ्रेड ते फाइलमध्ये लिहितो. सिगटर्म (बंद व्हायची विनंती) किंवा सिगइंट (कंट्रोल-सी) आला की हातातलं सगळं लिहून बंद व्हायचं, सिगहप आला की कॉन्फिग परत वाचायची, सिगयूझर-वन आला की आकडेवारी छापायची.

## सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा

पहिली: सिग्नल मास्क, म्हणजे कुठले सिग्नल सध्या ब्लॉक आहेत त्याची यादी, प्रत्येक थ्रेडची वेगळी असते. पण सिग्नल आल्यावर काय करायचं (हँडलर, म्हणजे सिग्नलसाठी लिहिलेलं आपलं फंक्शन, चालवायचा, दुर्लक्ष करायचं की डिफॉल्ट) हे अख्ख्या प्रोसेसला एकच असतं. ही कृती ठरवणारं सिगॅक्शन कुठल्याही थ्रेडमधून बोलावलं तरी ते सगळ्यांना लागू होतं. लोक या दोघांची गल्लत करतात आणि मग "मी तर त्या थ्रेडमध्येच हँडलर लावला होता" असं म्हणत बसतात.

दुसरी: बाहेरून किलने पाठवलेला सिग्नल प्रोसेसच्या नावाने येतो, आणि ज्या थ्रेडमध्ये तो ब्लॉक नाही अशा कुठल्याही एका थ्रेडला कर्नल तो देतो. कुठल्या, ते तुम्ही ठरवत नाही. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत कुरिअरवाल्याला ज्या फ्लॅटचं दार उघडं दिसेल तिथेच तो पार्सल टेकवून जातो, तसं हे आहे. पार्सल वॉचमनकडेच जायला हवं असेल तर बाकीची सगळी दारं बंद हवीत. एक जरी उघडं राहिलं तरी कधीतरी पार्सल तिथे जाणारच. आणि इथे पार्सल म्हणजे सिगटर्म, ज्याची डिफॉल्ट कृती अख्खी प्रोसेस मारणं ही आहे, फक्त तो एक थ्रेड नाही.

कंपाइल करताना डॅश पीथ्रेड द्या. आणि स्टँडर्ड म्हणून नुसतं सी-११ दिलं असेल तर सिगवेटसारखी पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टीमचं स्टँडर्ड) फंक्शनं हेडरमध्ये दिसतच नाहीत आणि "इम्प्लिसिट डिक्लेरेशन" अशी वॉर्निंग येते, नव्या कंपायलरवर तर थेट एरर. ती दाबू नका. एकतर जीएनयू-११ द्या, नाहीतर पहिल्या इन्क्लूडच्या वर पॉझिक्स सोर्सचा मॅक्रो २००८०९ ला डिफाइन करा.

## पायरी १: सिग्नलची वाटणी कागदावर करा

हसू नका, खरंच कागदावर करा. तीन रकाने पाडा.

वाट बघायचे: सिगटर्म, सिगइंट, सिगहप, सिगयूझर-वन. चाइल्ड प्रोसेस चालवत असाल तर सिगचाइल्ड पण.

दुर्लक्ष करायचे: सिगपाइप. टीसीपीवर बोलणाऱ्या प्रोग्रामला हा नको असतो. समोरच्याने कनेक्शन तोडलं की राइटने ईपाइप एरर द्यावी आणि आपण ती बघावी, एवढंच पुरे. हा सिग्नल जो थ्रेड राइट करतोय त्याच थ्रेडच्या नावाने येतो, त्यामुळे दुसऱ्या थ्रेडमध्ये सिगवेट करून तो कधीच मिळणार नाही. सिगॅक्शनने सरळ सिग-इग्नोर लावा.

हात लावायचे नाहीत: सिगसेगव्ह, सिगबस, सिगएफपीई, सिगइल. चुकीचा पॉइंटर वापरला तर सिगसेगव्ह त्याच थ्रेडला त्याच क्षणी येतो. ब्लॉक करून ठेवलात तरी लिनक्स प्रोसेस मारतोच, आणि तुम्ही क्रॅशचा रिपोर्ट काढायला हँडलर लावला असेल तर तोही चालत नाही. सिगकिल आणि सिगस्टॉप तर ब्लॉक होतच नाहीत. मास्कमध्ये घातले तर एररही येत नाही, गपचूप सोडून दिले जातात.

इशारा: आळस करून सिगफिलसेट वापरू नका. "सगळेच ब्लॉक करून टाकू, कटकट नको" हे ऐकायला बरं वाटतं. पण मग कंट्रोल-झेड चालत नाही, वरचे क्रॅशवाले सिग्नल अडकतात आणि खिडकीचा आकार बदलला तरी सिगवेट जागं होतं. रिकाम्या सेटपासून सुरू करा आणि एकेक नाव घाला. सिगक्विट मात्र मुद्दाम मोकळा ठेवा. सिग्नल बघणारा थ्रेड स्वतःच कुठे अडकला तर कंट्रोल-बॅकस्लॅशने प्रोग्राम मारता येतो, आणि सिस्टीमवर परवानगी असेल तर कोर डंपही (मरतानाच्या मेमरीची फाइल) मिळतो. बग शोधताना या एका मोकळ्या दारामुळे किती वेळ वाचतो हे ज्याने रात्री प्लांटमध्ये बसून डीबग केलंय त्याला विचारा.

## पायरी २: मेनच्या अगदी सुरुवातीला ब्लॉक करा

नवीन थ्रेड जन्माला येताना त्याला सुरू करणाऱ्या थ्रेडचा मास्क जसाच्या तसा वारशात घेतो. त्यामुळे मेनने आधी ब्लॉक केलं की पुढचे सगळे थ्रेड ब्लॉक घेऊनच सुरू होतात, आणि प्रत्येक थ्रेडच्या फंक्शनमध्ये जाऊन वेगळं काही करावं लागत नाही.

क्रम असा:

१. सेट रिकामा करा (सिगएम्प्टीसेट), त्यात कागदावरच्या पहिल्या रकान्यातले सिग्नल घाला (सिगअ‍ॅडसेट).
२. पीथ्रेड सिगमास्क बोलवा, पहिलं आर्ग्युमेंट सिग-ब्लॉक, दुसरं आपला सेट, तिसरं जुना मास्क साठवायला एक व्हेरिएबल.
३. सिगपाइपला सिग-इग्नोर लावा.
४. मग कॉन्फिग वाचणं, लॉग उघडणं, लायब्ररी इनिशियलाइज करणं, जे काय असेल ते.
५. आणि त्यानंतरच पीथ्रेड क्रिएट.

चौथ्या नंबरची गोष्ट लोक वर सरकवतात, आणि घोळ तिथेच होतो. डेटाबेस, मेसेज ब्रोकर, लॉगिंग अशा बऱ्याच लायब्ऱ्या इनिशियलाइज करताना आपापले थ्रेड आतल्या आत सुरू करतात, तुम्हाला पत्ताही लागत नाही. ते ब्लॉक करण्याआधी जन्मले तर ते उघडं दार. तुमच्या कोडमध्ये सगळं बरोबर दिसतं, रिव्ह्यूमध्ये पास होतं, आणि महिन्यातून एकदा सिगटर्म त्या लायब्ररीच्या थ्रेडला मिळून प्रोसेस जागच्या जागी मरते.

सिगप्रॉकमास्क वापरू नका. एकाच थ्रेडच्या प्रोग्रामसाठी ते ठीक आहे, पण मल्टिथ्रेडेड प्रोग्राममध्ये त्याने काय होईल हे पॉझिक्सने ठरवूनच दिलेलं नाही. आणि पहिल्या आर्ग्युमेंटला सिग-सेटमास्क देऊ नका, कारण प्रोग्राम सुरू करणाऱ्याने आधीच काही ब्लॉक केलेलं असेल तर ते तुम्ही पुसून टाकाल. सिग-ब्लॉक आहे त्यात भर घालतं, आपल्याला तेच हवंय. जुना मास्क जपून ठेवा, पायरी ६ मध्ये लागणार आहे.

एरर तपासताना: पीथ्रेड सिगमास्क बिघडलं तर वजा एक देत नाही, एरर नंबर थेट रिटर्न करतं आणि एररनोला (शेवटच्या एररचा नंबर ठेवणारं व्हेरिएबल) हात लावत नाही. म्हणजे "शून्यापेक्षा लहान आहे का" ही तपासणी कधीच खरी होणार नाही, आणि पीएरर काहीतरी भलताच जुना मेसेज छापेल. शून्य नाही ना एवढं बघा, आणि मेसेज हवा असेल तर तो नंबर स्ट्रएररला द्या.

मधल्या वेळात, म्हणजे ब्लॉक केलंय पण सिगवेट अजून सुरू झालेलं नाही अशा वेळी, सिगटर्म आला तर? काही हरवत नाही. तो पेंडिंग, म्हणजे पोचायचा बाकी, राहतो आणि पहिलं सिगवेट बोलावताच लगेच हातात येतो. त्यामुळे स्टार्टअपला कॉन्फिग वाचायला चार सेकंद लागले तरी काळजी नाही.

### तपासा: दारं खरंच बंद आहेत का

हे न करता पुढे जाऊ नका. प्रोग्राम चालू करा आणि प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखाली टास्क नावाचं फोल्डर आहे तिथे बघा. प्रत्येक थ्रेडला एक सबफोल्डर, त्यात स्टेटस फाइल, त्यात सिगबीएलके नावाची ओळ. ग्रेपने सगळ्या थ्रेडच्या त्या ओळी एकदम काढा.

आकडा सोळा अंकी हेक्स असतो. सिग्नल नंबर जितका, त्याच्या एक कमी नंबरचा बिट. नेहमीच्या इंटेल किंवा आर्म मशीनवर सिगहप १, सिगइंट २, सिगयूझर-वन १०, सिगटर्म १५, म्हणून हेक्समध्ये अनुक्रमे १, २, २०० आणि ४०००. बेरीज ४२०३. म्हणजे वर्कर आणि रायटर, सगळ्यांच्या ओळीत शेवटी ४२०३ दिसलं पाहिजे. एखाद्या ओळीत नुसती शून्यं दिसली तर तोच तुमचा चोर.

पण थांबा, यात एक गंमत आहे. जो थ्रेड त्या क्षणी सिगवेटमध्ये बसलाय त्याच्या ओळीतही शून्यच दिसतं! लिनक्स वाट बघण्यापुरते ते सिग्नल त्या थ्रेडच्या मास्कमधून बाजूला काढून ठेवतो, आणि सिगवेटमधून बाहेर आला की परत घालतो. त्यामुळे एक शून्यवाला थ्रेड असणं बरोबर आहे, दोन असले तर गडबड. नवीन पोरं नेमकी इथे घाबरतात आणि चालू असलेला कोड बदलायला घेतात.

आणि लायब्ररीचा थ्रेड मेन सुरू व्हायच्याही आधी, लोड होतानाच जन्मत असेल तर? मेनमध्ये कितीही वर ब्लॉक केलं तरी उशीरच. तेव्हा एक छोटा लाँचर प्रोग्राम लिहा, जो सिग्नल ब्लॉक करतो आणि एक्झेकने, म्हणजे त्याच प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम चढवून, खरा प्रोग्राम चालवतो. मास्क एक्झेकनंतरही टिकतो. दिसायला जुगाड आहे, पण पक्का आहे.

## पायरी ३: वाट बघायचं काम कोणाला द्यायचं ते ठरवा

दोन पद्धती आहेत. वेगळा सिग्नल थ्रेड करायचा, किंवा मेननेच सगळे थ्रेड सुरू करून झाल्यावर सिगवेटच्या लूपमध्ये बसायचं. माझं मत सरळ आहे: मेनला दुसरं काम नसेल तर त्यालाच बसवा. वेगळा थ्रेड केला की शेवटी त्यालाही उठवून जॉइन करायची (तो संपेपर्यंत थांबायची) कटकट मागे लागते, आणि मेन चुकून रिटर्न झाला तर प्रोसेसच संपते. मेनमध्ये इव्हेंट लूप वगैरे चालणार असेल तरच वेगळा थ्रेड.

एकाच सिग्नलसाठी दोन थ्रेडना सिगवेटमध्ये बसवू नका. सिग्नल दोघांपैकी एकालाच मिळतो, कोणाला ते ठरलेलं नाही.

## पायरी ४: सिगवेटचा लूप

लूपमध्ये सिगवेट बोलवा, पहिलं आर्ग्युमेंट तोच सेट, दुसरं एका इंटचा पत्ता. परत आलं की त्या इंटमध्ये सिग्नलचा नंबर असतो, त्यावर स्विच करा. सिगहपला कॉन्फिग परत वाचायची खूण करा, सिगयूझर-वनला आकडेवारी छापा, सिगटर्म-सिगइंटला लूपमधून बाहेर या.

इथे रिटर्न व्हॅल्यूचा गोंधळ होतो तो एकदा नीट बघून घ्या. सिगवेट बरोबर झालं तर शून्य देतं, बिघडलं तर एरर नंबर. सिग्नलचा नंबर रिटर्नमध्ये नसतो, दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये असतो. त्याचे भाऊ सिगवेटइन्फो आणि सिगटाइम्डवेट मात्र उलटे: तिथे सिग्नलचा नंबर हाच रिटर्न, आणि चुकलं तर वजा एक आणि एररनो. एकातून दुसऱ्यात कोड कॉपी केला की स्विचमध्ये शून्य जातं, एकही केस लागत नाही आणि प्रोग्राम सिग्नल "गिळतो". कंपायलर काही बोलत नाही.

कोणाला काय वापरावं? नुसता नंबर पुरत असेल तर सिगवेट. कोणी पाठवला त्याचा पीआयडी किंवा सोबत आलेली व्हॅल्यू हवी असेल तर सिगवेटइन्फो. ठराविक वेळच थांबायचं असेल तर सिगटाइम्डवेट, वेळ संपली की ते एररनोमध्ये ईअगेन ठेवतं. या दोघांना मध्येच ईइंटर (कॉल अर्धवट तुटल्याची एरर) येऊ शकतो, तेव्हा नुसतं परत बोलवायचं, बंद व्हायला घ्यायचं नाही. मॅकवर हे दोन्ही नाहीत, फक्त सिगवेट आहे, तेव्हा ऑफिसच्या मॅकबुकवर बिल्ड करणाऱ्यांनी डोकं आपटू नये. आणि तुमचा मेन ईपोलच्या लूपमध्ये बसणार असेल तर लिनक्सचं सिग्नलएफडी बघा, सिग्नल फाइल डिस्क्रिप्टरमधून वाचता येतात. ब्लॉक करण्याचा नियम त्यालाही तोच.

सिगवेटचा सगळ्यात मोठा फायदा हा की परत आल्यावर तुम्ही साध्या थ्रेडमध्ये असता, हँडलरमध्ये नाही. प्रिंटएफ चालतं, मॅलॉक चालतं, म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं कुलूप) घेता येतो. हँडलरमध्ये यातलं काहीच करायचं नसतं, कारण तो कुठल्याही ओळीच्या मधोमध घुसतो, आणि ज्या थ्रेडने म्युटेक्स धरलाय त्याच्याच अंगावर हँडलर आला आणि त्याने तोच म्युटेक्स मागितला की संपलं.

इशारा: साधे सिग्नल रांगेत साठत नाहीत. सिगहप एकामागोमाग पाच आले आणि तुम्ही त्या वेळी दुसरं काही करत असलात तर एकच मिळेल. कॉन्फिगसाठी चालतं. पण "किती वेळा सिग्नल आला" यावर कुठलाही हिशोब ठेवू नका. मोजायचेच असतील तर सिगआरटीमिनपासून पुढचे रिअल-टाइम सिग्नल वापरा, ते रांगेत राहतात, आणि नंबर थेट ३४ वगैरे लिहू नका, सिगआरटीमिन अधिक काहीतरी असंच लिहा.

सिगचाइल्डच्या बाबतीत हीच गोष्ट चावते. तीन चाइल्ड एकदम संपले तरी सिग्नल एकच येऊ शकतो. म्हणून सिगचाइल्ड मिळाला की वेटपीआयडी डब्ल्यूनोहँगसकट लूपमध्ये बोलवा, शून्य किंवा वजा एक येईपर्यंत. शिवाय सिगचाइल्डची डिफॉल्ट कृती दुर्लक्ष ही आहे. लिनक्सवर ब्लॉक असला की तो तरीही पेंडिंग राहतो, पण पॉझिक्स तशी हमी देत नाही, त्यामुळे दुसऱ्या युनिक्सवर कोड न्यायचा असेल तर एक रिकामा हँडलर लावून ठेवा, जो कधी चालणार नाही.

## पायरी ५: बाकीच्या थ्रेडना कळवा

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि इथेच लोक घाई करतात. सिगटर्म मेनच्या हातात आला, आता वर्करना कसं सांगणार?

आधी हँडलरवाल्या कोडमध्ये काय व्हायचं, सिग्नल आला की रीड किंवा स्लीप मध्येच सुटायचं, ईइंटर यायचा आणि वर्कर फ्लॅग बघायचा. आता वर्करमध्ये सिग्नल ब्लॉक आहेत, त्यामुळे ईइंटर येणार नाही! सिगवेटवर आल्यानंतर "प्रोग्राम बंदच होत नाही" ही तक्रार निम्म्या वेळा याच्यामुळे असते.

रायटर थ्रेड कंडिशन व्हेरिएबलवर (खूण मिळेपर्यंत थ्रेडला झोपवणारी सोय) थांबत असेल तर सोपं आहे. म्युटेक्स घ्या, थांबायचा फ्लॅग लावा, ब्रॉडकास्ट करा, म्युटेक्स सोडा. फ्लॅग म्युटेक्सच्या आतच लावायचा. बाहेर लावला तर रायटरने फ्लॅग बघितला आणि झोपायला गेला, एवढ्यात तुम्ही फ्लॅग लावून ब्रॉडकास्ट केलं, आणि तो कायमचा झोपला, असं होऊ शकतं.

वर्कर सॉकेटवर अडकलेले असतात, त्यांना पाइप लागतो. एक पाइप बनवा, वर्करना सॉकेट आणि पाइपचं वाचायचं टोक दोन्हीवर पोल करायला, म्हणजे कुठे काही आलंय का ते बघत थांबायला, सांगा. बंद व्हायची वेळ आली की मेनने त्यात एक बाइट लिहायचा आणि वर्करनी तो बाइट वाचून काढायचा नाही, तसाच राहू द्यायचा. मग पोल करणाऱ्या प्रत्येकाला पाइप तयार दिसतो, चौघेही उठतात. दुसऱ्या थ्रेडमधून सॉकेट क्लोज करून वर्कर उठेल असं समजू नका. लिनक्सवर रीडमध्ये अडकलेला थ्रेड तसाच अडकून राहतो, आणि तो डिस्क्रिप्टर नंबर दुसऱ्या कोणाला मिळाला तर वेगळाच तमाशा.

स्लीप साठ सेकंद असं कुठे लिहिलं असेल तर ते काढून पीथ्रेड कंड टाइम्डवेट घाला.

म्युटेक्सशिवाय नुसता फ्लॅग वापरायचा असेल तर सी-११ चा अ‍ॅटॉमिक वापरा. व्होलटाइल थ्रेडसाठी नाही, कितीही जुन्या कोडमध्ये दिसलं तरी.

इशारा, मोठा: एखाद्या वर्करला भयंकर एरर मिळाली आणि त्याला स्वतःहून अख्खा प्रोग्राम नीट बंद करायचाय, तर त्याने रेझ बोलवायचं नाही. मल्टिथ्रेडेड प्रोग्राममध्ये रेझ सिग्नल स्वतःच्याच थ्रेडला पाठवतं. वर्करमध्ये सिगटर्म ब्लॉक आहे, म्हणून तो त्याच वर्करच्या खात्यावर पेंडिंग पडून राहतो, मेनच्या सिगवेटला कधी दिसत नाही. पीथ्रेड किलने चुकीच्या थ्रेडला पाठवलं तरी हेच. किल बोलवा, आपल्याच गेटपीआयडीला, म्हणजे तो प्रोसेसच्या नावाने जातो. पडून राहिलेला सिग्नल बघायचा असेल तर त्याच स्टेटस फाइलमध्ये सिगपीएनडी ही त्या थ्रेडची ओळ आणि एसएचडीपीएनडी ही अख्ख्या प्रोसेसची. सिगपीएनडीमध्ये ४००० दिसलं तर सिग्नल चुकीच्या पत्त्यावर गेलाय.

## पायरी ६: चाइल्ड प्रोसेसचा मास्क मोकळा करा

हे जवळजवळ सगळेच विसरतात. मास्क फोर्कमध्ये (प्रोसेसची प्रत काढून चाइल्ड बनवताना) जातो आणि एक्झेकनंतरही तसाच राहतो. म्हणजे तुमच्या लॉगरने जुनी फाइल दाबायला जीझिप चालवलं तर त्या बिचाऱ्या जीझिपमध्येही सिगटर्म ब्लॉक असतो. सर्व्हिस थांबवली की सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्राम) सगळ्यांना सिगटर्म पाठवतो, लॉगर लगेच बंद होतो, जीझिप ऐकतच नाही, आणि मोठी फाइल असेल तर डिफॉल्टचे ९० सेकंद थांबून मग सिगकिल. लोक म्हणतात सिस्टमडी स्लो आहे.

फोर्क केल्यावर चाइल्डमध्ये, एक्झेकच्या आधी, पायरी २ मध्ये जपलेला जुना मास्क सिग-सेटमास्कने परत लावा, सिगपाइप परत डिफॉल्टवर आणा (सिग-इग्नोर पण एक्झेकनंतर टिकतो), मग एक्झेक. फोर्क आणि एक्झेकच्या मध्ये प्रिंटएफ-मॅलॉक काही नको, कारण थ्रेड असलेल्या प्रोसेसच्या फोर्कनंतर तेवढ्याच मोजक्या सुरक्षित फंक्शनांची परवानगी असते, मास्क बदलणं त्यात बसतं. पॉझिक्स स्पॉन वापरत असाल तर अ‍ॅट्रिब्यूटमध्ये सिगमास्क आणि सिगडिफॉल्ट दोन्ही सेट करायची सोय आहे, आणि त्यांचे फ्लॅगही लावावे लागतात, नुसता मास्क देऊन चालत नाही. सिस्टम आणि पीओपन मध्ये अशी सोय नाही, तिथे चाइल्ड तुमचाच ब्लॉक मास्क घेऊन जातो.

## पायरी ७: बंद करायचा क्रम

सिगटर्म मिळाल्यावर आधी नवीन कनेक्शन घेणं बंद, मग वर्करना पाइपने उठवा, वर्कर जॉइन करा, आणि सगळे वर्कर गेल्यावरच रायटरला थांबायला सांगा, मग तो जॉइन. रायटरला आधी थांबवलं तर वर्करच्या हातातली शेवटची रीडिंग कोणी लिहीतच नाही. रबाळ्याच्या एका कारखान्यात, नाव नको, यूपीएसची स्क्रिप्ट लाइट गेल्यावर सिगटर्म पाठवायची आणि दर वेळी शेवटचा मिनिटभराचा डेटा गायब. खापर यूपीएसवर फुटत होतं, खरं कारण हा चुकलेला क्रम एवढंच होतं.

जॉइन करत असताना कोणी परत कंट्रोल-सी मारलं तर ते घ्यायला आता कोणी नाही, सिगवेटचा लूप संपलाय. माणूस वैतागतो. म्हणून जॉइन सुरू करण्याआधी मेनमध्ये फक्त सिगइंट मोकळा करा, डिफॉल्ट कृतीवर, मग दुसरं कंट्रोल-सी प्रोसेस लगेच मारेल. सिगटर्म मोकळा करू नका, स्क्रिप्ट कधी कधी दोनदा पाठवतात आणि मग अर्धवट फाइल.

वेगळा सिग्नल थ्रेड केला असेल आणि काम आपोआप संपलं असेल, तर तो सिगवेटमध्येच बसून राहतो. त्याला पीथ्रेड किलने सिगटर्म पाठवा, हीच एक जागा जिथे पीथ्रेड किल योग्य आहे. पीथ्रेड कॅन्सलही चालतं, सिगवेट हा कॅन्सलेशन पॉइंट आहे.

## पायरी ८: टेस्ट, आणि तीही वाकड्या वेळी

नुसतं एकदा कंट्रोल-सी मारून "झालं" म्हणू नका. निदान एवढं करा:

- प्रोग्राम सुरू करून लगेच, कॉन्फिग वाचली जात असतानाच, किल डॅश टर्म. नीट बंद झाला पाहिजे.
- सगळे वर्कर सॉकेटवर रिकामे बसलेले असताना किल. बंद व्हायला एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर कोणीतरी अडकतंय, पायरी ५ परत वाचा.
- लोड चालू असताना सुरू-बंदचा लूप स्क्रिप्टने रात्रभर चालवा. प्रत्येक वेळी एक्झिट कोड बघा. शेलमध्ये १४३ दिसला (१२८ अधिक १५) तर सिगटर्मने थेट मारलंय, म्हणजे कुठेतरी दार उघडं आहे.
- थ्रेड सॅनिटायझरसकट एक बिल्ड चालवा, फ्लॅगच्या चुका पटकन सापडतात.

कंटेनरमध्ये चालवणार असाल तर अजून एक बघा. डॉकरफाइलमध्ये कमांड शेल पद्धतीने लिहिली असेल तर पहिली प्रोसेस शेल होऊ शकते, आणि तो शेल सिगटर्म तुमच्यापर्यंत पोचवत नाही. डॉकर स्टॉप डिफॉल्टला १० सेकंद थांबतो आणि सिगकिल मारतो, कोड कितीही बरोबर असला तरी. चौकोनी कंसातली पद्धत वापरा म्हणजे तुमचा प्रोग्रामच पहिली प्रोसेस होतो.

जीडीबीत चालवताना कंट्रोल-सी मारलं आणि डीबगर थांबण्याऐवजी प्रोग्रामच बंद व्हायला लागला तर घाबरू नका, सिगवेटने घेतलेला सिग्नल डीबगरला न दिसता थेट प्रोग्रामकडे जाऊ शकतो. डीबग बिल्डमध्ये सिगइंट सेटमधून काढून टाका, किंवा दुसऱ्या टर्मिनलवरून त्या प्रोसेसला सिगट्रॅप पाठवा, डीबगर थांबेल.